फिल्म तयार झाली, आता दाखवायची कुठे?

माझी पहिली फिल्म २४ मिनिटांची होती. तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांवर केलेली. शूटिंग तीन आठवड्यांत उरकलं, एडिट चार महिने चाललं आणि मग पुढचे आठ महिने ती हार्ड डिस्कमध्ये पडून राहिली. कुठे दाखवायची, कोणाला विचारायचं, यातलं काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं. मुंबईत ओळखी असणाऱ्यांचंच हे काम, असं मी धरून चालले होते. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं असं जे जे आहे, ते इथे क्रमानं लिहिते. सांगली, लातूर, अकोला, सावंतवाडी अशा ठिकाणी बसून पहिला लघुपट किंवा माहितीपट करणाऱ्यांसाठी हे आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं पुढे ओघात येईल.

सुरुवातीलाच एक सांगते. ओळखी करणं आणि फिल्म दाखवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. या क्षेत्रात माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती एकाच अंधाऱ्या सभागृहात शेजारी बसून, आणि नंतर बाहेर चहा घेताना आत्ता पाहिलेल्या फिल्मवर बोलून. म्हणून क्रम असा: आधी बघा, मग दाखवा, मग मागा. नवखी माणसं थेट मागण्यापासून सुरुवात करतात आणि उत्तर आलं नाही की खचतात.

पहिली पायरी: फिल्म सोसायटीत जाऊन बसा

हे फिल्म पूर्ण होण्याच्या वर्षभर आधी सुरू झालं तर उत्तम. भारतातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली स्थापन झाला आणि सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे. पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं थिएटर आहे. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे. तुमच्या गावात असं काही नसेल तर जवळच्या शहरातल्या सोसायटीचं सभासदत्व घ्या. एका व्यावसायिक चित्रपटाच्या दोन-चार तिकिटांच्या पैशांत बहुतेक ठिकाणी वर्ष निघतं.

तिथे जाऊन लगेच 'माझी एक फिल्म आहे' म्हणू नका. तीन-चार महिने नियमानं जा. खेळ संपल्यावर चर्चा होते तिला थांबा. खुर्च्या लावायला, प्रोजेक्टरची वायर ओढायला, सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायचा मजकूर लिहायला माणसं नेहमीच कमी असतात. मी एका छोट्या सोसायटीत सहा महिने दर खेळाचा अर्धा पानाचा परिचय लिहून दिला. त्यातून मला जे मिळालं ते कुठल्याही ओळखपत्रानं मिळालं नसतं: साउंड करणारा मुलगा, इंग्रजी सबटायटल तपासून देणाऱ्या एक निवृत्त प्राध्यापिका, आणि महोत्सवांच्या निवड समितीवर काम केलेले एक गृहस्थ. माझा दुसरा कट, म्हणजे एडिटचा दुसरा मसुदा, त्यांनी तीन वेळा पाहिला आणि दर वेळी पहिली चार मिनिटं काढायला सांगितली. तिसऱ्या वेळी काढली.

एक महिना मोकळा काढता येत असेल तर पुण्यातला चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम जरूर करा. फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय मिळून तो घेतात. अभ्यास होतोच, शिवाय मणिपूरपासून केरळपर्यंतची माणसं सोबत असतात. दोन वर्षांनी इंफाळमध्ये किंवा कोझिकोडला कोणी खेळ लावला तर तो बहुधा याच ओळखीतून लागतो.

दुसरी पायरी: फिल्म दाखवण्याजोगी करा

एडिट लॉक झालं, यापुढे कटमध्ये काही बदलायचं नाही, म्हणजे फिल्म तयार झाली, हा गैरसमज मला फार महाग पडला.

आधी सबटायटल. मराठी फिल्म महाराष्ट्राबाहेर पाठवायची तर इंग्रजी सबटायटल लागतातच, आणि निवड समिती फिल्म वाचते ती या ओळींतूनच. हे काम भाच्याला किंवा यंत्राला देऊन मोकळं होऊ नका. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, आणि संथ वाचणाऱ्याला पुरेल इतका वेळ ओळ थांबली पाहिजे. म्हणून संवाद शब्दशः भाषांतरित करायचा नसतो, त्यातला मतलब पोहोचवायचा असतो. माझ्या फिल्ममध्ये एक बाई सुनेला म्हणते, 'बाई गं, हात काय भाड्यानं आणलेत का?' याचं पहिलं भाषांतर इतकं सरळ झालं होतं की परदेशी प्रेक्षकाला त्या खरंच भाड्याबद्दल बोलताहेत असं वाटलं असतं. अहिराणी, पावरी, गोंडी, मालवणी अशा बोलीतली फिल्म असेल तर मराठी सबटायटलही करून ठेवा, महाराष्ट्रात फिरवताना लागतील. फिल्मच्या दोन प्रती ठेवा: एक चित्रावरच सबटायटल छापलेली, दुसरी मोकळी आणि सोबत एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटलच्या ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली वेगळी फाइल.

मग आवाज. फोनवर आणि लॅपटॉपवर ऐकायला केलेला मिक्स थिएटरात कानठळ्या बसवतो किंवा उलट संवादच गिळतो. खिशात फार पैसे नसतील तर रंगसंगतीतले थोडे वाचवा आणि साउंडला द्या. धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, न ऐकू येणारा संवाद करत नाही.

थिएटरात फिल्म चालते ती डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) या स्वरूपात. बाहेर करून घ्यायला पैसे लागतात, पण 'डीसीपी-ओ-मॅटिक' हे मोफत सॉफ्टवेअर वापरून घरच्या संगणकावरही ती बनते. वीस-बावीस मिनिटांच्या फिल्मला रात्रभर वेळ द्यावा लागतो, एवढंच. डीसीपीचा ठरलेला वेग सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) आहे. आपल्याकडे अनेक जण सवयीनं २५ वर शूट करतात आणि शेवटी रूपांतराच्या भानगडीत सापडतात. पुढची फिल्म २४ वरच शूट करा. चित्राची मापं दोन: फ्लॅटसाठी (नेहमीचा रुंद पडदा) १९९८ × १०८० आणि स्कोपसाठी (त्याहून लांबट) २०४८ × ८५८. बनवलेली डीसीपी एकदा तरी खऱ्या थिएटरात चालवून पाहा. सकाळच्या पहिल्या खेळाआधी दहा मिनिटं द्या, असं थिएटरच्या ऑपरेटरला नीट विचारलं तर बहुतेक जण देतात.

आता कागद. माहितीपटातल्या माणसांची लेखी संमती शूटिंगच्या वेळीच घ्या. संमतिपत्र मराठीत असू द्या, वाचून दाखवा, आणि सही येत नसेल तर कॅमेऱ्यासमोर होकार घ्या. संगीताचे हक्क ही त्याहून मोठी खोच आहे. लग्नातला डीजे, एसटी स्टँडवरचा रेडिओ, टपरीवर वाजणारं जुनं गाणं हे सगळं कोणाच्या तरी मालकीचं असतं. माझ्या फिल्ममध्ये शेडवरच्या मोबाइलवर बारा सेकंद एक गाणं ऐकू येत होतं. बाहेरच्या देशातल्या एका महोत्सवानं निवड कळवली आणि सोबत संगीताच्या परवान्याची मागणी केली. बारा सेकंदांसाठी अख्खा मिक्स पुन्हा करावा लागला. आणि फिल्ममध्ये बैल, घोडा, कुत्रा काम करताना दिसणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधीच काढायची असते. पुढे सेन्सॉरकडे गेल्यावर ती मागतात आणि तेव्हा मागे जाता येत नाही.

शेवटी एक फोल्डर करून ठेवा: दोन ओळींत कथा, दहा ओळींत कथा, दिग्दर्शकाचं शंभर शब्दांत मनोगत, फिल्ममधली चार चांगली छायाचित्रं (सेटवर टोपी घालून कॅमेऱ्यामागे उभं राहिलेली नव्हेत), पोस्टर, कलाकार-तंत्रज्ञांची यादी, पासवर्ड लावलेली लिंक. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. कोणी मागितलं की पाच मिनिटांत पाठवता आलं पाहिजे.

तिसरी पायरी: पहिला खेळ आपल्या माणसांत

महोत्सवाला पाठवण्यापूर्वी वीस-पंचवीस माणसांसमोर फिल्म दाखवा. शाळेचा वर्ग, वाचनालयाची वरची खोली, कोणाची गच्ची, काहीही चालेल. आमंत्रण खासगी ठेवा, तिकीट लावू नका आणि फिल्म समाजमाध्यमांवर टाकू नका. फिल्म आधीच सगळ्यांसाठी खुली झाली असेल तर कितीतरी महोत्सव ती घेत नाहीत.

खेळ संपल्यावर 'आवडली का' असं विचारलं तर सगळे हो म्हणतील. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कुठे कंटाळा आला? कुठे कळलं नाही? कोणतं माणूस लक्षात राहिलं? आणि उत्तरं येताना गप्प बसा, खुलासा करू नका.

माझा खेळ ज्यांच्यावर फिल्म होती त्यांच्याच गावात, देवळासमोर सतरंज्या टाकून झाला. बायका सुरुवातीला एकमेकींना पडद्यावर पाहून लाजल्या. मग एक जण म्हणाली, 'हे उलटं झालंय की. द्राक्षं औषधात बुडवल्याशिवाय रॅकवर कशी पसरली?' एडिट करताना आम्ही दोन शॉट मागेपुढे केले होते. मुंबईत, पुण्यात तीस माणसांनी कट पाहिला होता, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. ती दुरुस्ती झाली म्हणून ती फिल्म मी आजही मान वर करून दाखवते. माहितीपट करणाऱ्यांनी ही पायरी कधीही गाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

चौथी पायरी: महोत्सव निवडताना

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि धीर वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक अर्ज 'फिल्मफ्रीवे'सारख्या संकेतस्थळांवरून भरले जातात. बटण दाबणं सोपं असतं, म्हणून माणूस दाबत सुटतो. मी पहिल्या वर्षी ११,००० रुपये नुसत्या प्रवेशशुल्कात घालवले आणि त्यातले निम्म्याहून जास्त महोत्सव प्रत्यक्षात भरतच नव्हते. असे दुकान-महोत्सव ओळखायच्या खुणा आहेत. दर महिन्याला पारितोषिकं जाहीर होतात. विभाग चाळीस-पन्नास असतात. थिएटरचा पत्ता कुठेच नसतो. गेल्या वर्षीच्या खेळांची वेळापत्रकं, प्रेक्षकांची छायाचित्रं सापडत नाहीत. निवड झाल्यावर ट्रॉफीचे पैसे वेगळे मागतात. अशा ठिकाणचं निवडीचं पानाफुलांचं चिन्ह (लॉरेल) पोस्टरवर लावलं तर जाणकार माणूस ते पाहूनच पुढे सरकतो. अर्ज करण्यापूर्वी गेल्या वर्षी तिथे निवडलेल्या दोन दिग्दर्शकांना शोधून विचारा: खेळ झाला का, सभागृहात किती माणसं होती, ठरल्या वेळी लागला का?

मग प्रीमियरचा हिशेब. कान, बर्लिन, व्हेनिससारखे मोठे महोत्सव फिल्मचा पहिला जागतिक खेळ आपल्याकडेच व्हावा असं धरतात. म्हणून क्रम वरून खाली लावा. ज्या दोन-तीन मोठ्या ठिकाणी फिल्म बसेल असं मनापासून वाटतं तिथे आधी पाठवा, उत्तराची तारीख वहीत लिहा आणि त्यानंतर देशातल्यांकडे वळा. पण एका होकाराच्या आशेवर दीड वर्ष फिल्म अडवून ठेवू नका. लघुपट लवकर शिळा होतो. बहुतेक महोत्सव गेल्या वर्ष-दोन वर्षांतलीच फिल्म घेतात.

माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी आपल्या दारातला महोत्सव म्हणजे मिफ, मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. १९९० साली सुरू झाला, दर दोन वर्षांनी भरतो, सुवर्ण शंख हा त्याचा मोठा पुरस्कार. पूर्वी तो फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचा होता. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट संग्रहालय वगैरे संस्था एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाल्या, त्यामुळे अर्ज आता एनएफडीसीकडे असतात हे लक्षात ठेवा. तिरुवनंतपुरमचा माहितीपट-लघुपट महोत्सव २००८ पासून आहे. तिथला प्रेक्षक पाहून मी थक्क झाले: सकाळी साडेनऊच्या माहितीपटाला रांग होती. धरमशाला महोत्सव २०१२ पासून स्वतंत्र चित्रपटांसाठीच चालवला जातो. गाव लहान असल्यानं दिग्दर्शक, समीक्षक, आयोजक सगळे एकाच रस्त्यावर भेटतात आणि नवख्या माणसाला दडपण येत नाही. काठमांडूत फिल्म साउथ एशिया हा दक्षिण आशियाई माहितीपटांचा महोत्सव आहे. फिल्मचा विषय ठरावीक असेल तर त्या विषयाचे महोत्सव आधी बघा: पर्यावरणावर असेल तर पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा, एलजीबीटी विषयावर असेल तर मुंबईचा कशिश.

महाराष्ट्रात पुण्याचा पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दर वर्षी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होतो, आणि त्यातला मराठी चित्रपटांचा स्पर्धा विभाग पूर्ण लांबीच्या चित्रपटांसाठी महत्त्वाचा आहे. छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव मराठवाड्यातल्या मुलांनी चुकवू नये. मुंबईत थर्ड आय हा आशियाई चित्रपटांचा महोत्सव आहे. इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यातल्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी साधारण २५ कथाचित्रपट आणि २० कथाबाह्य फिल्म निवडल्या जातात. देशभरातून येणारे अर्ज पाहता दार अरुंद आहे, पण लघुपटवाल्यांना तिथे पूर्ण लांबीच्या चित्रपटाशी स्पर्धा करावी लागत नाही, म्हणून अर्ज करावाच.

शुल्काबद्दल आणखी एक. लवकरच्या मुदतीत अर्ज केला तर शुल्क कमी असतं. आणि शुल्कमाफी मागायला लाजू नका. दोन परिच्छेदांचं पत्र पुरतं: फिल्म काय आहे, तुमच्याच महोत्सवात का पाठवायची आहे, पैसे का नाहीत. मला सातांपैकी दोन ठिकाणी माफी मिळाली.

पाचवी पायरी: गोव्याचा फिल्म बाजार

इफ्फी २००४ पासून गोव्यात आहे. त्याला जोडून नोव्हेंबरात एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो, २००७ पासून (२०२५ मध्ये त्याचं नाव 'वेव्हज फिल्म बाजार' झालं). महोत्सव प्रेक्षकांचा, बाजार धंद्याचा. नवख्यांची दोन्हींत गल्लत होते. बाजारात चार दारं आहेत. पटकथा प्रयोगशाळा लिहिणाऱ्यांसाठी. सहनिर्मिती बाजारात कागदावरचे प्रकल्प निर्मात्यांपुढे मांडले जातात. 'वर्क इन प्रोग्रेस' विभागात कच्चा कट जगभरातल्या महोत्सवांच्या आणि संकलनाच्या जाणकारांना दाखवून सल्ला मिळतो. व्ह्यूइंग रूममध्ये शुल्क भरून आपली पूर्ण झालेली फिल्म ठेवता येते आणि आलेले निवडकर्ते ती संगणकावर पाहतात.

मराठीला सगळ्यात जास्त लाभलं ते यातलं तिसरं दार. 'किल्ला' २०१३ मध्ये तिथे कच्च्या कटच्या रूपात होता आणि पुढच्या फेब्रुवारीत बर्लिनला मुलांच्या परीक्षक मंडळाचा क्रिस्टल बेअर हा पुरस्कार घेऊन आला. अशा प्रयोगशाळा देशाबाहेरही आहेत. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजमधून पुढे गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथाचित्रपट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळवून आला. फिल्म अर्धी असतानाच ती योग्य माणसांना दिसली, हे दोन्हीकडे सारखं आहे. पूर्ण झाल्यावर ओळखी शोधायला निघालात तर सल्ला घेण्याची वेळ निघून गेलेली असते.

बाजाराला जायचं तर अर्ज पावसाळ्यातच बघायला लागा. भेटी आधी ईमेलनं ठरवा, तिथे गेल्यावर कोणालाच वेळ नसतो. आणि फिल्म दोन वाक्यांत सांगायचा सराव करा. 'स्त्रीच्या संघर्षाची कहाणी' हे वाक्य त्या दिवशी समोरच्यानं दहा वेळा ऐकलेलं असतं. 'बेदाण्याच्या शेडवर सत्तर दिवस राहणाऱ्या पाच बायका, आणि हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात आलेला पाऊस' हे त्याला दिसतं. प्रवास-राहण्याचा खर्च परवडत नसेल तर पहिल्या वर्षी बाजार सोडा आणि नुसता इफ्फीचा डेलिगेट पास काढून पणजीत चार दिवस फिल्म पाहा. मी तसंच केलं. तेही कमी नाही.

पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट असेल तर गोरेगावच्या चित्रनगरीत राज्याच्या महामंडळाकडे चौकशी ठेवा. गेली काही वर्षं निवडक मराठी चित्रपट सरकारतर्फे कानच्या चित्रपट बाजारात पाठवले जातात.

सहावी पायरी: निवड झाली, आता महोत्सवात कसं वागायचं

तुमच्या खेळाच्या आदल्या दिवशी प्रोजेक्शनवाल्यांना भेटा. नाव विचारा, फिल्मची दोन मिनिटं लावून आवाज आणि सबटायटल बघून घ्या. एका महोत्सवात माझ्या फिल्मची सबटायटल पडद्याच्या खाली कापली जात होती. आदल्या संध्याकाळी कळलं म्हणून रात्रीतून दुसरी प्रत देता आली.

स्वतःचा खेळ झाला की गायब होऊ नका. दुसऱ्यांच्या फिल्म पाहा, विशेषतः तुमच्याच वयाच्या, तुमच्याच विभागातल्या दिग्दर्शकांच्या. नवखे लोक मोठ्या नावांच्या मागे धावतात आणि शेजारी बसलेल्या मुलीशी बोलत नाहीत. चार वर्षांनी ती मुलगी कुठल्यातरी महोत्सवाची निवडकर्ती असते किंवा तुमच्या फिल्मची छायालेखिका. मोठ्या माणसाशी बोलायचंच असेल तर त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट विचारा, लिंक पाठवू का ते शेवटी विचारा, आणि 'नको' म्हणाले तर हसून धन्यवाद म्हणा.

प्रश्नोत्तरांत थोडं बोला. फिल्मचा अर्थ समजावून सांगू नका, ती कशी झाली ते सांगा. परत आल्यावर आठवड्याच्या आत ज्यांच्याशी खरोखर बोलणं झालं त्यांनाच लिहा, आणि कशावर बोललो होतो त्याची एक ओळ त्यात असू द्या.

सेन्सॉरचं थोडक्यात

जाहीर प्रदर्शनासाठी, मग फिल्म दहा मिनिटांची का असेना, सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर भरायचा. महोत्सवांना मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून प्रमाणपत्राशिवाय दाखवण्याची सूट मिळू शकते आणि ती आयोजक मागतात, तुम्हाला फक्त कागद द्यायचे असतात. २००४ च्या मिफमध्ये भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातल्यावर माहितीपटकारांनी एकत्र येऊन 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला होता. आपली फिल्म आपण एकत्र येऊन दाखवू शकतो, ही हिंमत पुष्कळ जणांना त्यातून मिळाली. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी मात्र प्रमाणपत्र लागतंच, तेव्हा तो विचार असेल तर वर्ष संपण्यापूर्वी काढून घ्या.

सातवी पायरी: महोत्सवांनंतरचं आयुष्य

महोत्सव वर्ष-दीड वर्षात संपतात. खरा प्रेक्षक त्यानंतर भेटतो. 'कोर्ट'ला सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला आणि इथल्या थिएटरात तो एप्रिल २०१५ मध्ये लागला. मधल्या काळात जगभर त्याचं नाव झालं होतं, म्हणून थिएटर मिळालं. लघुपटाला थिएटर मिळत नाही, पण दुसरी ठिकाणं पुष्कळ आहेत.

महाविद्यालयांचे पत्रकारिता, समाजकार्य, स्त्री-अभ्यास हे विभाग. जिल्हा वाचनालयं. कामगार संघटना, शेतकरी मेळावे, महिला मंडळं. पुण्यातल्या सुदर्शनसारखे छोटे रंगमंच. आमची फिल्म दोन वर्षांत एकतीस ठिकाणी लागली. त्यातली महोत्सवांतली फक्त सहा, बाकी सगळी अशी. आयोजकांना मी साधारण असं लिहिते:

'नमस्कार. मी सांगलीची आहे. बेदाणा शेडवर काम करणाऱ्या बायकांवर २४ मिनिटांचा माहितीपट केला आहे. आपल्या विभागातल्या विद्यार्थ्यांना तो दाखवून त्यावर तासभर बोलायला आवडेल. प्रोजेक्टर, स्पीकर आणि अंधार करता येईल अशी खोली लागेल. प्रवासखर्च आणि आपल्याला शक्य तेवढं मानधन द्यावं, ही विनंती. लिंक सोबत पाठवते आहे. पुढच्या आठवड्यात फोन करू का?'

मानधनाचं वाक्य काढू नका. पहिल्या दहा खेळांत मी काढलं होतं, आणि फुकट आलेल्या माणसाच्या खेळाला खोलीही नीट मिळत नाही असा अनुभव आला. जिथे खरंच पैसे नाहीत तिथे मी आजही तशीच जाते, पण तो निर्णय माझा असतो.

परदेशातल्या मराठी माणसांकडे जाणारा रस्ताही आता बराच मोकळा झाला आहे. अमेरिकेत २०२४ पासून सॅन होजेला नाफाचा (नॉर्थ अमेरिकन फिल्म असोसिएशन) मराठी चित्रपट महोत्सव भरतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं दर दोन वर्षांनी होतात, आणि गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांना गणपती-दिवाळीच्या कार्यक्रमात अर्ध्या तासाची चांगली फिल्म हवीच असते. त्यांचे कार्यक्रम तीन-चार महिने आधी ठरतात, म्हणून गणपतीसाठी मे महिन्यातच लिहा. लंडन, न्यूयॉर्क, स्टुटगार्ट, मेलबर्न इथले भारतीय चित्रपट महोत्सवही लघुपट घेतात.

हे सगळं चालू असताना एक तक्ता ठेवा. ठिकाण, तारीख, किती माणसं होती, कोणी बोलावलं, पैसे किती आले, कोणती प्रत चालवली, काय बिघडलं, कोण भेटलं. पुढच्या फिल्मला निधीसाठी अर्ज करताना 'प्रेक्षकांपर्यंत कसे पोहोचाल' हा रकाना असतो. तिथे हा तक्ताच उतरवायचा. माझ्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीत कवठेमहांकाळचं एक माध्यमिक विद्यालय आहे: नववीच्या दोन तुकड्या मिळून ११८ मुलं, पडद्याऐवजी भिंत, वीज दोनदा गेली, फिल्म तिसऱ्यांदा सुरू करून पूर्ण दाखवली. त्यातल्या चार मुलींच्या आया शेडवर जातात.